समोरच्यांचा बचाव

माझा थोरला भाऊ नेहेमिया वाक्रुळकर याला कोणी जिंकल्याची बातमी दिली की तो आधी विचारायचा, "समोर कोण होतं?" अभिनंदन वगैरे नंतर, आणि बहुतेक वेळा नाहीच. शेजारच्या ग्रेसच्या नातवाला शाळेत धावण्यात पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा ती बिचारी वाटीभर शिरा घेऊन आली. दादाने शिरा खाल्ला, आणखी मागून घेतला आणि मग म्हणाला, "बाकीची पोरं बूट घालून पळत होती का चपला?" ग्रेस पुढे सहा महिने जिन्यात आम्हाला पाहून मान वळवायची. शिरा तर बंदच झाला.

इस्राएलमधल्या किर्यात मलाखी गावात आम्ही एकाच इमारतीत राहायचो, तो दुसऱ्या मजल्यावर, मी तळाला. मी एलिझाबेथ, त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. दवाखान्यात तीस वर्षं नर्स होते, लग्न केलं नाही, त्यामुळे भावावर तोंड टाकायला मला वेळच वेळ होता. त्याची बायको रिव्का अठ्ठ्याण्णव साली गेली. ती होती तोवर त्याला गप्प बसवायचं काम ती करायची. नंतर ते माझ्याकडे आलं आणि मला काही ते तिच्याइतकं जमलं नाही.

दादाची नोकरीही त्याच्या स्वभावाला धरूनच होती. इथल्या कारखान्यात सव्वीस वर्षं तो तयार माल तपासायचा. चांगला माल त्याच्या हाताखालून निमूट पुढे जायचा, त्याबद्दल तो कधी अक्षर बोलला नाही. खोट असलेला एखादा नग मात्र तो घरी येऊनसुद्धा वर्णन करून सांगायचा. शनिवारी दुपारी गावच्या मैदानावर फुटबॉलचा सामना असला की तिथेही हेच. शनिवार म्हणजे आम्हा ज्यूंचा विश्रांतीचा शब्बाथ, त्या दिवशी लिहायचं नाही, म्हणून हरलेल्या बाजूच्या सगळ्या चुका डोक्यात साठवून घरी यायचा, आणि आकाशात तीन तारे दिसून शब्बाथ संपला रे संपला की वही काढून बसायचा. गोल कोणी मारला हे त्याच्या वहीत शोधूनही सापडायचं नाही. गोल कोणामुळे झाला ते असायचं. कोणता बॅक जागा सोडून पुढे गेला, कोणाचा डावा पाय नुसता शोभेचा, कोण चेंडूकडे बघत बसला आणि माणूस निसटू दिला.

"जिंकणं बघायचं नसतं, लिझे," तो मला सांगायचा. "बचाव बघायचा. मग जिंकणं केवढं ते कळतं."

याला कारण होतं, आणि ते मला लहानपणापासून माहीत होतं. पंचावन्न साली, आम्ही ठाण्याला होतो तेव्हा, दादाच्या कॉलेजने मुंबईत कूपरेजच्या मैदानावर आंतर-कॉलेज फायनल जिंकली. चार-शून्य. त्यातले तीन गोल दादाचे. तो राइट आउट खेळायचा. बाबा आम्हा सगळ्यांना घेऊन गेले होते, मी बारा वर्षांची होते. घरी आल्यावर आईने आळीभर नारळाच्या वड्या वाटल्या. पण समोरच्या कॉलेजचा खरा लेफ्ट फुलबॅक, म्हणजे दादाला अडवायचं ज्याचं काम तो, कांजिण्यांनी अंथरुणाला खिळला होता आणि त्याच्या जागी हॉकी खेळणारा कोणी मुलगा उभा केला होता. हे दादाने कोणाकोणाला सांगितलं, कोणी ऐकून घेतलं नाही. एका मोठ्या क्लबने त्या तीन गोलांच्या जोरावर त्याला बोलावलं, राखीव खेळाडूंत नाव घातलं. आणि तीन महिन्यांत बाबा गेले. दादाला विमा कंपनीच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून चिकटावं लागलं. क्लबचा सराव पाच वाजता, ऑफिस सुटायचं सहाला. क्लबकडून तो एकही सामना खेळला नाही. एकोणसत्तर साली आम्ही इस्राएलला आलो, तेव्हा त्याचे बूट आईने कोणाला तरी देऊन टाकले होते. त्याने विचारलंसुद्धा नाही.

त्याच्या या रुक्ष आयुष्यात एक हळवी जागा होती, ती म्हणजे नात, सपीर. दादाचा मुलगा डॅनियल पेताह तिक्वाला ऑफिसात नोकरीला, तिथेच त्याचा संसार. सपीर सुट्टीत आमच्याकडे यायची आणि दादा तिला इमारतीमागच्या दोन निलगिरींच्या मध्ये गोलकीपर होऊन खेळवायचा. पुढे ती इथल्या सक्तीच्या सैन्यसेवेतून सुटून आली, कॉलेजात गेली आणि तिथल्या मुलींच्या फुटबॉल संघात राइट विंगला खेळू लागली. म्हणजे त्याच्याच जागेवर! दर गुरुवारी संध्याकाळी तिचा फोन यायचा. गुरुवारी दादा चार वाजल्यापासून फोनजवळ खुर्ची ओढून बसायचा, आणि मी वर गेले तर हाताने "खाली जा" अशी खूण करायचा. तो मराठीत बोलायचा, ती हिब्रूत उत्तर द्यायची, आणि दोघांना सगळं कळायचं. रिव्का गेल्यावर त्याच्या आठवड्यात तेवढा एकच वार उरला होता. बाकीचे सहा नुसते जायचे.

दोन हजार पाचच्या वसंतात सपीरच्या कॉलेजने मुलींची फायनल जिंकली. किती? चार-शून्य. आणि सपीरचे तीन. मी म्हटलं, दादा, रक्त बोलतं बघ. आम्ही दोघे बसने गेलो होतो सामन्याला. संपल्यावर तिला मैत्रिणींनी उचलून घेतलं, डॅनियल रडत होता, सून अनात फोटो काढत होती. आम्ही कडेला उभे. दादाचा चेहरा असा पडलेला, की कोणाला वाटावं हा हरलेल्या मुलींपैकी कोणाचा तरी आजोबा आहे.

त्या सामन्याच्या जोरावर बायकांच्या लीगमधल्या एका क्लबने सपीरला घेतलं. डॅनियलने पेसाहच्या सणानंतर घरी मलिदा ठेवला. आम्हा बेने इस्राएलांत, म्हणजे मराठी ज्यूंत, काही चांगलं घडलं की प्रेषित एलियाहू हनावीचे आभार मानायला मलिदा करतात. मोठं ताट, त्यात गूळ-खोबरं कालवलेले पोहे, वर फळं रचलेली, वेलचीचा वास घरभर. पेताह तिक्वाची चाळीस माणसं जमली होती. सपीरच्या संघाची कप्तान अदी आणि आणखी चार-पाच मुली पण आल्या होत्या, आणि त्या ताटाकडे कुतूहलाने बघत होत्या. प्रार्थना झाली, एलियाहू हनावीचं गाणं झालं, आणि ताट वाटायच्या आधी डॅनियल म्हणाला, "पप्पा, तुम्ही वडीलधारे. दोन शब्द बोला."

मी दादाच्या कोपराला चिमटा काढला. त्याने कोपर बाजूला घेतलं.

"एलियाहू हनावीच्या ताटासमोर खोटं बोलायचं नसतं," त्याने सुरुवात केली. लोकांनी माना डोलावल्या. "म्हणून आभार कसले ते आधी नीट ठरवू या. पहिला गोल. त्यांची लेफ्ट बॅक पोरीकडे बघतच नव्हती, चेंडूकडे बघत होती. दुसरा गोल. गोलकीपर लाइन सोडायला घाबरत होती. तिसरा, त्यांची सेंटर हाफ तेव्हा केस बांधत होती. मी पाहिलं, दोन्ही हात डोक्यावर होते. चौथ्याला तर त्या सगळ्या दमलेल्या. आता यात आपला पराक्रम किती? आभार मानायचे तर त्यांच्या बचावाचे माना."

कोणीतरी हसलं. कोणीतरी खोकलं. एवढ्यावर थांबला असता तरी म्हातारा विनोद करतोय म्हणून निभावलं असतं. पण अदी आणि त्या मुलींना मराठी येत नव्हतं ना! त्यांना कळावं म्हणून माझ्या भावाने ते सगळं, गोलामागून गोल, केस बांधण्यासकट, पुन्हा हिब्रूत सांगितलं.

सपीर ताटाशेजारी उभी होती. निळा ड्रेस घातला होता, कानात रिव्काचे डूल. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. ती हिब्रूतच बोलली, हळू, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "सबा," म्हणजे आजोबा, "तू मला कधी बघतच नाहीस. फक्त माझ्यासमोरच्यांना बघतोस." आणि आतल्या खोलीत निघून गेली. मुली तिच्यामागे गेल्या. मलिदा वाटला गेला, लोकांनी खाल्ला, आणि कोणीही दादाच्या शेजारच्या खुर्चीवर बसलं नाही.

बसमध्ये मी त्याला सोडला नाही. "जिभेला हाड नाही तुझ्या," मी म्हटलं. "पोरगी तुझ्या तोंडून एक शब्द ऐकायला कान टवकारून उभी होती. कोल हाकावोद म्हणायला, शाब्बास म्हणायला, काय जात होतं तुझं?"

"मी काय खोटं बोललो?"

"कोण म्हणतं खोटं बोललास?"

तो खिडकीबाहेर बघत बोलला. "तिला वाटेल आपण कोणीतरी आहोत. मग तिकडे क्लबात खरे बॅक भेटतील. मलाही वाटलं होतं, लिझे. चार-शून्यने वेड लावलं मला. पन्नास वर्षं झाली."

बोलण्यासारखं खूप होतं, पण त्याचा आवाज तसा मी बाबांच्या मयतानंतर ऐकला नव्हता.

त्या गुरुवारी फोन आला नाही. पुढच्याही नाही. दादा चार वाजता खुर्ची ओढायचाच. मी वर जायचे, आता तो हाताने खूण करायचा नाही. आम्ही दोघे त्या फोनकडे बघत चहा प्यायचो. मी म्हणायचे, तूच कर फोन. तो म्हणायचा, करून काय बोलू? आणि खरंच त्याला माहीत नव्हतं. चूक सांगायला त्याच्याकडे शंभर शब्द होते, माझा ऊर भरून आला हे सांगायला एकही नव्हता. उन्हाळा गेला. रोश हाशानाला, आमच्या नववर्षाला, सपीरने फोन केला, "शाना तोवा, सबा, तब्येत सांभाळ," एवढं म्हणाली आणि फोन बापाच्या हातात दिला. दादाने रिसीव्हर ठेवला आणि मला म्हणाला, "चांगली बोलली. अगदी व्यवस्थित बोलली." त्याच्या डोळ्यांकडे बघवेना. रागावून बोलली असती तर बरं झालं असतं, हे आम्हा दोघांना कळत होतं.

हिवाळ्यात तिची लीग सुरू झाली. एके दिवशी दादा खाली माझ्याकडे आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "मंगळवारी तिचा सामना आहे. डॅनियलला विचारून घेतलंय. तुला काही काम नसेल तर..."

मला काय काम असणार! दोन बस बदलून आम्ही गेलो. कुंपणाच्या पलीकडच्या टोकाला, जिथे पाण्याचे पाइप पडलेले असतात तिथे बसलो. सपीर राखीव खेळाडूंच्या बाकावर होती, अंगात मोठं जाकीट, पाय हलवत. नव्वद मिनिटं तिला कोणी आत बोलावलं नाही. दादाने मैदानाकडे बघितलंच नाही, बाकाकडे बघत होता. सामना संपायच्या जरा आधी तो उठला, "चल, बस चुकेल." बस अर्ध्या तासाने होती. दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी तिला शेवटची सहा मिनिटं मिळाली आणि चेंडू तिच्याकडे आलाच नाही. परतीच्या वाटेवर दादाने एकाही बॅकबद्दल एक शब्द काढला नाही. वहीसुद्धा आणली नव्हती. मला भीती वाटायला लागली. हा माणूस चुका काढायचा थांबला तर त्याच्यात उरणार काय, असं मनात आलं.

चौथा सामना लीगमधल्या सगळ्यात तगड्या संघाशी होता. दुपारचं ऊन होतं, हवा गार. सपीरच्या संघातली कोणी आजारी होती म्हणून तिला सुरुवातीपासून घेतलं. तिच्यासमोर त्यांची लेफ्ट बॅक, सहा नंबरची. उंच, सावळी, केस बारीक कापलेले. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण त्या मुलीला कुठे जायची घाई नव्हती एवढं कळत होतं. सपीर धावायची, वळायची, आणि ती आधीच तिथे. दहा वेळा, वीस वेळा. तिसाव्या मिनिटाला सपीर पडली, त्या मुलीनेच हात देऊन उठवलं आणि पुढच्याच क्षणी पुन्हा चेंडू काढून घेतला. दादा उभा राहिला होता. दोन्ही हातांनी कुंपणाची जाळी धरली होती. मी म्हटलं, बस, गुडघे दुखतील. त्याला ऐकूच गेलं नाही.

सत्तराव्या मिनिटाला सपीरने काय केलं ते मला सांगता येणार नाही. ती बाहेर जातेय असं वाटलं आणि ती आत होती. सहा नंबरची पहिल्यांदाच चुकीच्या दिशेला होती. सपीरने मारलेला चेंडू खांबाच्या हातभर बाहेरून गेला. शून्य-दोन हरले.

बाकीच्या मुली आत गेल्या. सपीर एकटीच गवतावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. डॅनियल आला नव्हता, अनात आली नव्हती, फोटो काढायला कोणी नव्हतं. दादाने फाटक ढकललं आणि सरळ तिच्याकडे चालत गेला. मी त्याच्यामागे धावले, कारण मला वाटलं हा आता काहीतरी बोलून ठेवणार.

"ती सहा नंबरची," तो म्हणाला. शालोम नाही, कशी आहेस नाही.

सपीरने वर पाहिलं. डोळे सुजले होते. "आज नको, सबा," ती हिब्रूत म्हणाली. "प्लीज. आज नको."

"तिच्यात खोट नाही. नव्वद मिनिटं शोधली मी. डावा पाय, उजवा पाय, टायमिंग, टर्निंग. काही नाही सापडलं. असा फुलबॅक मी जन्मात बघितला नव्हता. आणि तू तिला फिरवलीस."

"बाहेर गेला चेंडू."

"गेला तर गेला. फिरवलीस. मी तिला नव्हतो बघत तेव्हा. तुला बघत होतो."

सपीरच्या हातातली नाडी तशीच राहिली. "मग जिंकले तेव्हा का नाही असं बोललास?"

"तेव्हा मला काय माहीत? तुला तरी कुठे माहीत होतं? आज कळलं तू किती आहेस ते." त्याने खिशातून रुमाल काढला, नाक पुसलं, पुन्हा खिशात कोंबला. "बाविसाव्या वर्षी कळलं तुला. मला अजून नाही कळलं."

दादाच्या फायनलची गोष्ट सपीरने लहानपणापासून ऐकली होती. कांजिण्या, हॉकीवाला, क्लब, सगळं. ती एक हसण्यासारखी गोष्ट आहे असंच तिला वाटत आलं असणार, मलाही तसंच वाटत आलं होतं. पन्नास वर्षं मी त्याला चिडवलं की तुला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. अरे, याला स्वतःचंच कधी बघायला मिळालं नव्हतं! माझी मलाच लाज वाटली.

सपीर उठली. एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा. तिने दादाकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मला ती दोदा म्हणते, म्हणजे आत्या. "दोदा, तू होतीस ना तिथे? सबा चांगला खेळायचा?"

दादा गोलपोस्टकडे बघायला लागला. सत्तर वर्षांचा माणूस, आणि परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसा उभा. कूपरेजच्या त्या मैदानावर आमच्यापैकी जे कोणी होते त्यांत जिवंत अशी मी एकटीच. आई-बाबा गेले, त्याचे संघातले मित्र कुठे विखुरले कोणास ठाऊक. "खूप चांगला" म्हणणं सोपं होतं. त्याने लगेच पकडलं असतं.

"मला काय कळत होतं त्यातलं," मी म्हटलं. "मी बारा वर्षांची. उंचीने एवढीशी. पुढची माणसं उभी राहिली की मला काही दिसायचंच नाही. आणि चेंडू याच्याकडे आला की सगळी माणसं उभी राहायची. म्हणून मी तीनपैकी एकही गोल पाहिला नाही. घरी जाताना रडले होते मी."

"कधी?" दादा गोलपोस्टकडे बघतच म्हणाला.

"काय कधी?"

"कधी उभी राहायची? गोल झाल्यावर ना? सगळेच राहतात."

"छे. चेंडू तुझ्या पायात आला की. नुसता आला की."

"ते तिन्ही गोल नंतरचे. दुसऱ्या हाफमधले. बॅक कच्चा आहे हे तोवर सगळ्यांना कळलं होतं."

"दुसऱ्या हाफमध्ये नाही. पहिल्यापासून. पहिल्यांदा चेंडू आला तेव्हाच माझ्यासमोरचा टोपीवाला उभा राहिला आणि आमचे बाबा त्याला म्हणाले, साहेब, खाली बसा, लहान मुलगी आहे. तो म्हणाला, मी याला सेमी फायनलला पाहिलंय, आता बसता येणार नाही."

दादा वळला. सेमी फायनलमध्ये समोर कोण होतं, त्यांचा बचाव कसा होता, हे मला माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं. त्याचे ओठ हलले, पण त्या बचावात त्याने एकही खोट काढली नाही. सपीरने त्याचा हात धरला होता, तो कधी धरला ते मला दिसलं नाही.

"पन्नास वर्षांत तू मला हे सांगितलं नाहीस, लिझे," तो म्हणाला.

"तू कधी विचारलंस?"

तो विचारायला भीत होता आणि मला ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं. मला त्या दिवसाचा राग होता तो गोल दिसले नाहीत म्हणून. सपीर त्याला हात धरून बाकाकडे घेऊन गेली, बसवलं, आणि स्वतःचं ते मोठं जाकीट त्याच्या खांद्यावर टाकलं. मी जरा मागेच थांबले. तो तिला विचारत होता, मराठीत, "टोपीवाला कोण असेल गं?" आणि जिच्या जन्माआधी अठ्ठावीस वर्षं ते घडलं होतं, ती पोरगी त्याला हिब्रूत म्हणत होती, "आठवून बघ, सबा. आपल्याला वेळ आहे."